बाबांचे डोळे नक्की कधी गेले

आमच्या लालबागच्या चाळीत नव्याने राहायला आलेल्या माणसाला पहिल्याच दिवशी दोन गोष्टी सांगितल्या जात. पाणी पहाटे येतं, आणि दुसऱ्या मजल्यावरच्या भाऊंचे डोळे गिरण्यांच्या संपात गेले. पहिली गोष्ट बहुधा खरी असे. दुसरी साफ खोटी होती.

भाऊ म्हणजे माझे वडील. गोष्ट खोटी आहे हे सबंध लालबागेत फक्त तिघांना माहीत होतं. त्यांना, आईला आणि मला. एका खोलीत आम्ही तिघं आणि ते खोटं, असे राहत होतो. खोट्याला पसरायला जागा हवी म्हणूनच की काय, मी गॅलरीत झोपत असे.

दरवर्षी संपाच्या वर्धापनदिनी खाली चौकात सभा व्हायची. बाबांना खुर्चीत बसवायचे, शाल घालायचे, नारळ द्यायचे. मग कोणीतरी पुढारी माईक दोन्ही हातांनी धरून गरजायचा, "हा माणूस गेटातून आत गेला नाही! उपाशी राहिला, डोळे घालवले, पण मान खाली घातली नाही!" टाळ्यांचा कडकडाट. बाबा त्या वेळी मान खाली घालून बसलेले असत. लोकांना तो विनय वाटे. मला त्या भाषणांचा फार नाद. घरी येऊन मी पुढाऱ्याची हुबेहूब नक्कल करी आणि आई लाटणं घेऊन मागे लागे. शालींचा एवढा ढीग झाला की शेवटी तिने त्यांची गादी शिवली. सत्कारावर झोपणारं चाळीतलं आमचं एकमेव घर!

आता खरं काय ते सांगतो.

बाबा गिरणीत साचाखात्यात होते. साचे म्हणजे माग. संपाच्या कितीतरी आधी त्यांना संध्याकाळनंतर दिसेनासं झालं. मग हळूहळू बाजूचं दिसेना. कागदाची सुरळी करून डोळ्याला लावा, तसं. समोरचं लख्ख, आजूबाजूचं गडप. गंमत अशी, की विणकराला समोरचंच लागतं. सापडायला कठीण असा तुटलेला धागा बाबा चटकन पकडत, आणि वळताना शेजारी उभ्या असलेल्या भल्याथोरल्या ढकलगाडीवर आपटत. खात्यात त्यांना धांदरट म्हणत. आंधळा होत चाललाय असं कोणाच्या डोक्यातही आलं नाही.

बाबांच्या मात्र आलं होतं. त्यांची आई, म्हणजे माझी आजी, गावाला अशीच आंधळी झाली होती आणि पुढचं सगळं आयुष्य तिने अंगणातल्या एका फळीवर काढलं होतं. आपली फळी कुठे असणार, एवढंच बाबांना ठाऊक नव्हतं. डोळे गेलेल्या विणकराला कुठली गिरणी ठेवणार? म्हणून ते गप्प राहिले.

त्यांना सांभाळलं ते आबांनी, आणि तेही नकळत. आबा आमच्या शेजारच्या खोलीतले. आम्ही कोकणातले, ते साताऱ्याकडचे. दोघं एकाच खात्यात, एकाच पाळीत. त्या काळी आमच्या भागात दोन मित्र रस्त्याने चालले की एकाचा हात दुसऱ्याच्या खांद्यावर असायचाच. कोणी वळूनही बघत नसे. बाबांनी आबांच्या खांद्यावर हात टाकला तो कायमचाच. आबांचा खांदा खाली गेला की पायरी आली, थांबला की गाडी आली. आबांना वाटे, काय प्रेम आहे गड्याचं! प्रेम होतंच. पण नुसतं प्रेम नव्हतं.

मग संप झाला. सगळं गिरणगाव काळजीत पडलं आणि माझे बाबा, हळूच सांगतो, सुटले. कामावर जायचं नाही म्हणजे पकडलं जायची भीती नाही. संप त्यांना लपायला मिळालेली जागा होती. पण लपायच्या जागेची एक अडचण असते. बाहेर कधी यायचं ते आपल्या हातात राहत नाही. संप संपेना आणि इकडे सुरळी बारीक बारीक होत चालली. बाबा दिवसादेखील भिंतीला पाठ लावून बसू लागले. आई बँकेतल्या लोकांचे डबे करायला लागली.

शेवटी एक एक करून माणसं कामावर परतू लागली. उजळ माथ्याने कोणी नाही, गुपचूपच. आणि चाळीत बातमी आली, की आत घेण्याआधी प्रत्येकाची तपासणी करतात. छाती बघतात, वजन बघतात, आणि तक्त्यासमोर उभं करून डोळे बघतात.

त्या सकाळी आबा डबा घेऊन आमच्या दारात आले. बाबा गॅलरीत स्टुलावर बसले होते.

"चल गड्या," आबा म्हणाले. "किती दिस धरून बसायचं? पोरंबाळं हायत."

"तू जा. मी नाही येत."

"का रं?"

बस. इथेच सांगून टाकायचं होतं. पण गॅलरीतलं एकूणएक दार उघडं होतं आणि प्रत्येक दारात माणूस. कोणी दात घासतंय, कोणी उगाचच केर काढतंय, कान सगळ्यांचे आमच्याकडे. बाबा गणपतीतल्या नाटकांत काम करायचे. समोर प्रेक्षक दिसला की त्यांचा आवाज आपोआप लागे. तो लागला.

"ज्या दारातून छाती काढून बाहेर आलो, त्या दारातून मान खाली घालून आत नाही जायचा!"

काय संवादफेक होती! दात घासणाऱ्याने ब्रश तोंडातून काढला. आबांच्या मनात काय चाललं होतं देव जाणे. मग त्यांनी डबा खाली ठेवला आणि बाबांच्या शेजारी जमिनीवर बसकण मारली.

"मग मी बी न्हाय जात."

आबांची नोकरी त्या गॅलरीत, त्या एका वाक्यावर गेली. पुढे जायचं म्हटलं तरी गिरणीने त्यांना घेतलं नाही, आणि मग गिरणीच राहिली नाही. आबांनी भाजी विकली, वॉचमनकी केली, मुलीचं शिक्षण अर्धवट सोडायला लावलं. पण रडले कधी नाहीत. उलट चारचौघांत छाती फुगवून सांगत, "आमी दोघं न्हाय गेलो." त्यांच्या आयुष्यात त्याहून मोठं वाक्य नव्हतं.

त्या दिवशी आत आल्यावर आईने दार लोटलं. चाळीत दिवसा दार लोटलं की घरात काहीतरी भानगड आहे असं समजत.

"आता जावा आणि सांगा त्यांका खरा काय ता," ती दबक्या आवाजात म्हणाली. "तो बापडो तुमच्यापायी बसलो."

"उद्या सांगतो."

तो उद्या काही आला नाही. एकदा वाक्य टाळी घेऊन गेलं की ते परत कसं मागायचं? पुढे बाबांची उरलीसुरली नजर गेली तेव्हा चाळीनेच कारण शोधून दिलं. उपासमार! संपाने डोळे खाल्ले! बाबांनी 'नाही' म्हटलं नाही एवढंच. मग बाबा जे जे टाळत त्याचा पराक्रम होऊ लागला. त्या काळी अंधांना टेलिफोनचे बूथ मिळत. बाबांनाही मिळाला असता. पण त्यासाठी सरकारी डॉक्टर डोळ्यांत बघणार आणि हे दुखणं किती जुनं आहे ते विचारणार. बाबांनी नाही म्हणून सांगितलं. लगेच चौकात टाळ्या, भाऊंनी सरकारची भीकसुद्धा घेतली नाही! घरात आईने त्या दिवशी भांडी आदळली. बूथवर निदान त्यांना चार माणसं भेटली असती. आता ते होते आणि स्टूल होतं. संध्याकाळी आबा येत, खांदा पुढे करत, आणि दोघं नाक्यापर्यंत फिरून येत. ज्या माणसाला सगळ्यात जास्त फसवलं त्याच्याच खांद्यावर हात ठेवल्याशिवाय माझ्या वडिलांना घराबाहेर पाऊल टाकता येत नव्हतं.

वर्षं गेली. गिरण्यांच्या जागी टॉवर आले, आमच्या गॅलरीतून दिसणारं आभाळ निम्मं झालं. मी निवेदक झालो. लग्न असो, सत्कार असो, वाद्यवृंद असो, माईक माझ्या हातात. अशाच एका डॉक्टरांच्या संमेलनात एका तरुण डॉक्टरबाईंनी माहिती सांगितली आणि मी, ज्याने आजवर कोणाचं भाषण शेवटपर्यंत ऐकलं नव्हतं, तो शेवटपर्यंत ऐकत राहिलो.

डोळ्याच्या आत जो पडदा असतो, त्यावर बसवायची एक इवलीशी चिप. चष्म्यावर कॅमेरा. कमरेला यंत्र. कॅमेरा बघतो, यंत्र त्याचे बारीक झटके करतं, चिप ते पडद्याला देते, आणि आंधळ्या माणसाला उजेडाचे ठिपके दिसतात. चेहरे नाहीत, अक्षरं नाहीत. खिडकी कुठे, दार कुठे, समोरून कोणी चाललंय का, एवढंच. परदेशातून डॉक्टरांची एक तुकडी आली होती आणि परळच्या एका इस्पितळात प्रयोग म्हणून मोजक्या लोकांना ती बसवणार होती.

घरी येऊन मी सगळं रंगवून सांगितलं.

"दार दिसेल?" बाबांनी विचारलं.

"उजेडाचा चौकोन दिसेल म्हणतात."

"पुरे," ते म्हणाले. "तेवढ्यावर मी माझ्या पायांनी बाहेर जाईन. कोणाच्या खांद्याशिवाय."

आई भांडी घासत होती. तिचे हात थांबले.

आता खरी अडचण सुरू झाली. आबा. त्यांना कळलं तेव्हा ते लहान पोरासारखे हरखले आणि कपडे करून तयार! "तुझा हात धरायला म्या नको व्हय?" मी नाना युक्त्या केल्या. त्यांना म्हटलं, फार गर्दी असते. ते म्हणाले, मग तर यायलाच हवं. म्हटलं, आत फक्त नातेवाइकांना सोडतात. ते म्हणाले, सख्ख्या भावावाणी हाय. टॅक्सीत बाबा दोघांच्या मध्ये अंग चोरून बसले होते. एकीकडे मी, दुसरीकडे आबा, आणि पाय ठेवायलाही जागा नाही.

इस्पितळात त्याच डॉक्टरबाईंनी बाबांच्या डोळ्यांत औषध घातलं, यंत्राने आत बघितलं, पुन्हा पुन्हा बघितलं. मग समोर बसून विचारलं, "आजोबा, दृष्टी कधी गेली? कशी गेली?"

"आबा, जरा बाहेर जाऊन चहा सांगता का?" मी घाईने म्हणालो.

"असू देत, बसू देत," बाई म्हणाल्या. "घरच्यांनाही समजलेलं बरं."

आणि बाबांनी तोंड उघडायच्या आत आबाच खुर्चीत पुढे सरकले. "म्या सांगतो की! बाई, संपात उपास काढले ह्या मानसानं. पोटात अन्न न्हाई. त्यानं गेले डोळे."

बाईंच्या कपाळावर आठी पडली. "उपासमारीने? मग अवघड आहे. उपासमारीने डोळ्यामागची नस सुकते. ही चिप पडद्यासाठी आहे. मागची नस जिवंत असेल तरच पडद्यावरचं पुढे मेंदूपर्यंत जातं. सुकली असेल तर बसवून काही उपयोग नाही."

"सुकली न्हाय तर काय!" आबा अभिमानाने म्हणाले. "सगळंच सुकलं हुतं त्या वक्ताला!"

हा देवमाणूस बाबांची थोरवी सांगून सांगून त्यांचं दार बंद करत होता.

"पण," बाई म्हणाल्या, "मी आत बघितलंय. मला नस बरी वाटते. पडद्यावर काळे डाग आहेत, घराण्यात चालत येणारा एक आजार असतो त्यात दिसतात तसे. तो आजार उपासाने होत नाही. त्याची सुरुवात रात्री न दिसण्यापासून होते, पुष्कळ आधी. आजोबा, तुमची हकिगत आणि तुमचा डोळा जुळत नाहीत. जुळल्याशिवाय मी तुमचं ऑपरेशन करणार नाही. तुम्हीच सांगा. आधी रात्रीचं दिसेनासं झालं का? केव्हा?"

बाबा बसल्या जागीसुद्धा आबांच्या खांद्यावर हात ठेवून होते. सवयच ती. मी त्या हाताकडे बघत होतो. एसी चालू होता तरी बाबांच्या नाकावर घाम आला होता. मागे भिंत, समोर डॉक्टर, एका बाजूला खोटं ठाऊक असलेला मुलगा, दुसऱ्या बाजूला त्या खोट्यावर उभं आयुष्य काढलेला माणूस. उठून जायचं तर दार कुठल्या दिशेला आहे हेही त्यांना माहीत नव्हतं.

त्यांनी हात खाली घेतला.

"संपाच्या आधी," ते म्हणाले. आवाज नाटकातला नव्हता, बारीक होता. "लग्नाच्याही आधी रात्रीचं कमी दिसायचं. माझ्या आईचंही तसंच झालं. संपात तर बाजूचं काहीच दिसत नव्हतं. गिरणीत डोळे तपासणार होते. पकडला गेलो असतो. म्हणून मी गेलो नाही."

"हं," बाई म्हणाल्या. "आता जुळलं." आणि त्यांनी पुढच्या तपासण्या सांगायला सुरुवात केली. मला म्हणाल्या, तुमचेही डोळे तपासून घ्या. माझे पुढे तपासले, मी वाचलो. पण त्या क्षणी मला काही ऐकू येत नव्हतं. मी आबांकडे बघायचं टाळत होतो.

बाहेर व्हरांड्यात आलो. मनात म्हटलं, आता आबा काय करतील? ओरडतील? न बोलता निघून जातील? आबांनी बाबांच्या पाठीत एक सणसणीत थाप मारली आणि खो खो हसायला लागले.

"लेका! काय बनवलीस रं बाईला! एका दमात! नाटकातला तू नाटकातलाच! मला तर येळंवर सुचलं बी नसतं!"

"बनवलं नाही रे," बाबा म्हणाले.

"आता माझ्याम्होरं कशाला?"

"मेल्या, ऐक तरी. मी खरं सांगितलं. त्या दिवशी मी डोळ्यांसाठी बसलो. संपाबिंपासाठी नाही."

आबांचं हसू विझलं नाही, पण आवाज खाली आला. बाबांच्या अगदी जवळ जाऊन ते बोलले. "गड्या, म्या बी न्हाय गेलो आत. तू बसलास म्हून. तवाधरनं समदा जन्म त्या एका गोष्टीवर ताठ मानेनं काढला म्या." थोडं थांबून म्हणाले, "आता नीट सांग. बनवलीस नव्हं बाईला?"

बाबांच्या बुबुळांना काही दिसत नव्हतं, तरी ती इकडून तिकडे फिरत होती. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी खरं सांगितलं होतं, आणि ते घ्यायला समोर कोणी नव्हतं.

"बनवली," बाबा म्हणाले.

"तर! म्या म्हन्लंच." आबांनी खांदा पुढे केला. "चल, च्या घेऊ."

संध्याकाळपर्यंत चाळभर झालं, भाऊंनी परदेशच्या डॉक्टरांनाही कशी टोपी घातली. पुढच्या सभेत पुढाऱ्याने त्याचा उल्लेख केला. मी माईकवर पोट भरणारा माणूस, पण त्या सभेत मला कोणी बोलायला सांगेल म्हणून मी खाली उतरलोच नाही. आई एवढंच म्हणाली, "सांगितलानी ना त्यांनी? सांगितलानी. आता काय तां देवाक म्हायत."

ऑपरेशन झालं. जखम भरल्यावर यंत्र सुरू करायला बोलावलं. पहिल्या दिवशी बाबांना नुसत्या ठिणग्या दिसल्या आणि ते घाबरून खुर्ची धरून बसले. मग हळूहळू, पुष्कळ शिकवणीनंतर, त्या ठिणग्यांचा अर्थ लागू लागला. डावीकडे दाट उजेड म्हणजे खिडकी. उभा उजेड म्हणजे दार. एका सकाळी ते स्टुलावरून उठले आणि भिंतीला हात न लावता आमच्या दाराच्या चौकोनातून बाहेर गॅलरीत गेले. आईने मला हाक मारली नाही, तोंडावर पदर धरून नुसती बघत राहिली. बाबा कठड्याशी उभे राहून मान फिरवत होते. टॉवरच्या काचांवर ऊन पडलं होतं, ते त्यांना झगमगताना दिसत होतं. "केवढं आहे रे!" म्हणाले.

आता ते रोज संध्याकाळी कमरेचं यंत्र लावून गॅलरीत बसतात. माणसांची तोंडं दिसत नाहीत, पण काळोख्या गॅलरीतून फिक्या कपड्यातलं कोणी आलं की उजेडाचा तेवढा ढग हलतो. आबा वॉचमनकी सोडल्यापासून कायम पांढरा सदरा घालतात. त्यांच्या खोलीचं दार उघडलं, की बाबांना तो पांढरा ढग सगळ्यात स्पष्ट दिसतो. अख्ख्या चाळीत आजही त्यांना ओळखता येणारं ते एकच माणूस आहे.

मी सुट्टीच्या दिवशी जवळ बसतो तेव्हा बघतो. आबांचं दार वाजतं. ढग बाहेर येतो, इकडे वळतो. आणि बाबांचा हात कमरेशी जातो. टक् असा बारीक आवाज होतो.

"बंद का केलंत?" मी एकदा विचारलं.

"बॅटरी वाचवतोय."

तोवर आबा येऊन शेजारी टेकलेले असतात. सवयीने खांदा पुढे करून विचारतात, "काय रं, आज काय काय दिसलं?"

"काही नाही रे," बाबा त्या खांद्यावर हात ठेवत म्हणतात. "काळोखच आहे अजून. चल, नाक्यापर्यंत ने."